प्रत्येक प्रांताची एक तारीख: कॅनडात राहणाऱ्यांनो, तुमच्या गावात काय ऐकू येतं?

चिनूक (कॅल्गरी)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसलोच. मला कॅनडात येऊन एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा मॉन्ट्रियलला, मग तीन मिसिसागाला आणि तेव्हापासून कॅल्गरी. तीन ठिकाणी बिऱ्हाड मांडलं. तिन्हीकडे जिवाला जीव देणारी माणसं भेटली आणि तिन्हीकडे दुसऱ्या प्रांताबद्दल जे कानावर पडलं त्यानं वाईट वाटलं.

गेल्या शनिवारची गोष्ट. पहाटे सहाला मुलीचा हॉकीचा सराव. आम्ही आईबाप कॉफीचे कप धरून काचेपलीकडे उभे. माझी मुलगी मॉन्ट्रियलची, अजूनही तिथल्या मैत्रिणीशी फ्रेंचमधून बोलते, तशी फोनवर बोलत होती. शेजारी उभा असलेला गृहस्थ तेलाच्या पाइपांचं वेल्डिंग करतो. मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. तो म्हणाला, "क्वेबेकच्या का तुम्ही?" आणि थोडं थांबून, "त्यांनी आणि ऑटावानं मिळून आमचं घर घालवलं." त्याच्या वडिलांचं तेलविहिरींची अवजारं दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. १९८२ साली कामं थांबली, हप्ते थकले, बँकेनं घर घेतलं. हा तेव्हा नऊ वर्षांचा. "आईनं स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून काढून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, तेवढं आठवतं," म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर १९८० मध्ये ऑटावातल्या, म्हणजे केंद्रातल्या, पिएर ट्रूडो सरकारनं राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला. देशातल्या तेलाचा भाव जागतिक भावापेक्षा खाली ठेवायचा, वर केंद्राचे नवे कर. पूर्वेकडच्या कारखान्यांना आणि घरांना स्वस्त तेल मिळावं हा हेतू. अल्बर्टाचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, पीटर लॉहीड टीव्हीवर आले आणि तेलाचं उत्पादन टप्प्याटप्प्यानं कमी करू असं त्यांनी जाहीर केलं. त्याच सुमारास व्याजदर भडकले, पुढे जागतिक भावही घसरले, त्यामुळे सगळा दोष एका कार्यक्रमावर टाकता येणार नाही. पण नऊ वर्षांच्या पोराला व्याजदर कुठून कळणार? त्याच्या लेखी १९८० म्हणजे ऑटावा.

आता मॉन्ट्रियलची गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, निवृत्त शिवणकाम शिक्षिका. मुलगी लहान असताना दुपारी त्यांच्याकडेच असायची. त्या सांगायच्या, १९५० च्या दशकात आईबरोबर शहरातल्या एका मोठ्या दुकानात कोट घ्यायला गेल्या, तर काउंटरवरच्या बाईला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. ज्या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात तिथे आईनं बोटानं खूण करून कोट मागितला. क्वेबेकनं कॅनडापासून वेगळं व्हावं का, या १९९५ च्या सार्वमतात आजींनी 'हो' ला मत दिलं होतं. मला स्पष्ट सांगायच्या, "कॅनडावर राग नाही रे बाबा, पण माझ्या आईचं ते बोट मी विसरणार नाही."

मला जे म्हणायचंय ते एवढंच. या देशात प्रत्येक प्रांताची एक तारीख आहे. ती त्या प्रांतात घरोघरी ठाऊक असते आणि वेशीबाहेर कुणाच्या गावीही नसते. वेल्डरला आजींचं दुकान माहीत नाही, आजींना त्याचं घड्याळ माहीत नव्हतं. देशाला धोका आहे तो या अज्ञानाचा. भांडणाला मी इतका भीत नाही.

तुमच्याकडची तारीख कोणती? मनापासून ऐकायचंय.

---

सह्यकडा (टोरांटो)

चिनूकदादा, आमच्या ऑन्टॅरियोला तारीखच नाही, हे वाचताना लक्षात आलं. इथला माणूस "मी ऑन्टॅरियोचा" असं म्हणतच नाही, तो थेट "मी कॅनेडियन" म्हणतो. आणि देशाच्या लोकसभेत ३४३ पैकी १२२ जागा आमच्या. जिचं घरात चालतं त्या सुनेला घर आपलंच वाटतं, तसं.

एक गोष्ट मात्र साफ करावीशी वाटते, कारण अल्बर्टातल्या नातेवाइकांशी दर दिवाळीला फोनवर हा वाद होतो. 'अल्बर्टा क्वेबेकला चेक पाठवतं' हे खरं नाही. समानीकरण निधी १९५७ साली सुरू झाला आणि १९८२ च्या राज्यघटनेत त्याचं तत्त्व कलम ३६ मध्ये आलं. पैसा केंद्राच्या करांतून जातो. मी टोरांटोत जो आयकर भरतो त्याच करातून. ज्या प्रांताची कर गोळा करायची ऐपत कमी, त्याला केंद्र भर घालून देतं, म्हणजे गरीब प्रांतातल्या पोरालाही बरी शाळा आणि बरा दवाखाना मिळावा. एकूण रकमेत क्वेबेकला सगळ्यात जास्त मिळतं, कारण तिथे माणसंच जास्त आहेत. डोईमागे बघितलं तर पूर्वेला अटलांटिकवरचे छोटे सागरी प्रांत पुढे आहेत. अल्बर्टात पगार मोठे म्हणून कर जास्त जातो, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांना या निधीतून काही मिळालेलं नाही, हेही तितकंच खरं. २०२१ साली तिथे यावर मतदान झालं, सुमारे ६२ टक्के लोकांनी हे कलम घटनेतून काढा म्हणून सांगितलं.

---

चिनूक (कॅल्गरी)

सह्यकडा, माहिती अगदी बरोबर. पण इथल्या माणसाला ठसठसतं ते नुसत्या पैशानं नाही. सिनेटचं बघा. अल्बर्टाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, सिनेटर सहा. न्यू ब्रन्सविकची जेमतेम आठ-नऊ लाख, सिनेटर दहा. ही वाटणी जुन्या काळची, बदलायला घटना उघडावी लागते, आणि घटना उघडायचं नाव काढलं की सगळ्यांना मीच लेक आणि शार्लटटाउन हे घटना बदलायचे दोन फसलेले करार आठवतात. १९९० आणि १९९२. दोन्हीदा हात पोळले. १९८७ साली इथे रिफॉर्म पक्ष निघाला तेव्हा त्यांची घोषणा 'पश्चिमेला आत यायचंय' अशी होती. आत यायचंय! बाहेर जायची भाषा नव्हती ती. ते दार तेव्हा नीट उघडलं असतं तर अल्बर्टा वेगळं करायच्या मतदानासाठी सह्या गोळा करत फिरायची वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

---

दर्यावर्दी (सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड)

इथे मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे कुणी विचारलं की मी भरभरून लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गंमत घड्याळाची. आमचं घड्याळ बाकीच्या देशाच्या अर्धा तास पुढेमागे असतं, भारतासारखंच. त्यामुळे नाशिकला आईला फोन करताना मिनिटकाटा तोच राहतो. हिवाळ्यात नऊ तास मिळवायचे, उन्हाळ्यात आठ. इथे उतरलो त्या रात्री हे कळलं आणि का कोण जाणे, एकदम घरचं वाटलं.

आता तारीख. आमच्याकडे एक सोडून तीन आहेत.

१ जुलै. सगळा देश कॅनडा दिन साजरा करतो, लाल टोप्या, झेंडे. आमच्या गावात सकाळी सुतक असतं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये बोमाँ-हामेलला न्यूफाउंडलंडची रेजिमेंट खंदकातून वर आली. सुमारे आठशे जण. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली तेव्हा 'हजर' म्हणायला अडुसष्ट उरले होते. तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतंच. त्या दिवशी इथे लोक कोटाला छोटी निळी फुलं लावतात, 'मला विसरू नका' या नावाची. सकाळी स्मारकापाशी पुष्पचक्र आणि दुपारनंतर कॅनडा दिनाचा केक. पहिल्या वर्षी मी सकाळीच हसतमुखानं शेजाऱ्याला शुभेच्छा दिल्या. तो काही बोलला नाही, फक्त आपल्या कोटावरचं फूल काढून माझ्या कोटाला लावलं.

दुसरी तारीख ३१ मार्च १९४९, कॅनडात आलो तो दिवस. आदल्या वर्षीच्या सार्वमतात ५२.३ टक्के बाजूनं, बाकीचे विरोधात. ज्यांचे आजोबा विरोधात होते ती घरं अजून माहीत आहेत गावाला.

तिसरी १९६९. लॅब्राडोरमधल्या चर्चिल धबधब्याच्या विजेचा करार क्वेबेकच्या वीज कंपनीशी झाला, तो थेट २०४१ पर्यंत. भाव जवळजवळ गोठवलेला, आणि २०१६ पासून तर युनिटला पाव सेंटपेक्षाही कमी. ती वीज क्वेबेकनं पुढे कितीतरी चढ्या भावानं विकली. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रीमियरनी एकत्र बसून नवा समझोता जाहीर केला. पण आमच्याकडचे म्हातारे "चर्चिल" म्हटलं की आजही वाटी बाजूला सरकवतात.

आणि हीच माणसं ११ सप्टेंबर २००१ ला काय वागली तेही ऐका. अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि गँडरच्या विमानतळावर ३८ विमानं उतरली, साडेसहा हजारांवर माणसं. गाव दहा हजारांच्या आसपासचं. लोकांनी शाळा उघडल्या, स्वतःच्या न्हाणीघरात परक्यांना आंघोळीला पाणी तापवून दिलं. मनात अढी असलेली माणसं मनानं कोती असतात असं नाही.

---

जाईजुई (मॉन्ट्रियल)

चिनूक, तुमच्या आजी वाचून डोळे भरले. अशा आजी इथे प्रत्येक इमारतीत आहेत. पण तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला पटत नाही, ती मोकळेपणानं सांगते.

'एकमेकांच्या तारखा कळल्या की झालं' हे अर्धंच खरं आहे. कळूनही सुटत नाहीत अशा गोष्टी असतात. भाषा ही तशी गोष्ट आहे. १९७७ साली फ्रेंच भाषेचा कायदा आला, ज्याला सगळे १०१ म्हणतात. बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेतच जाणार. माझी दोन्ही मुलं गेली. सुरुवातीला मला राग होता, आमच्या मुलांचं इंग्रजी बुडणार म्हणून. आज दोघं तीन भाषा बोलतात आणि धाकटी माझ्याशी मराठीत भांडते. या कायद्याशिवाय चारी बाजूंनी इंग्रजीनं वेढलेलं हे फ्रेंच बेट टिकलं असतं असं मला वाटत नाही. आपण मराठी लोकांनी हे समजून घ्यायचं नाही तर कुणी?

पण २०१९ च्या कायद्यानं पगडी किंवा हिजाब घालून सरकारी शाळेत शिक्षिका होता येत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी, उत्तम गणित शिकवणारी, प्रांत सोडून गेली. तिला १९५० च्या दशकातल्या अशा दुकानांच्या गोष्टी पाठ होत्या. तिनं काय करायचं होतं?

आणि १९९५ बद्दल. मी नव्हते तेव्हा इथे, पण मिस्टर होते. ३० ऑक्टोबरच्या रात्री आकडे टीव्हीवर सरकत होते, वर-खाली, वर-खाली. शेवटी 'नाही' ला ५०.५८ टक्के. ५४,२८८ मतांचा फरक. ९३ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं. त्या रात्री प्रीमियर पारिझो यांनी पैसा आणि 'परक्या वंशाची मतं' यांच्यामुळे हरलो असं म्हटलं. मिस्टर सांगतात, दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. पारिझो यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला, आणि त्यांच्याच बाजूच्या कितीतरी लोकांना त्या वाक्याची लाज वाटली, हेही मी सांगायला हवं.

त्याच्या तीन दिवस आधी, २७ तारखेला, देशभरातून लोक इथे चौकात जमले होते, 'आमचं तुमच्यावर प्रेम आहे' म्हणत. इथल्या बायका मला अजून विचारतात, "त्यानंतर ते परत कधी आले?"

---

आंबेमोहर (एडमंटन)

मी मूळचा नागपूरचा, त्यामुळे अल्बर्टाचं दुखणं मला पहिल्या वर्षातच कळलं. आमच्याकडे १९५३ चा नागपूर करार घरात बोलला जातो. कागदावर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं यातलं अंतर मोजत आजोबा गेले.

पण दोन्ही गोष्टी एक समजू नका. इथले प्रांत फार ताकदवान आहेत. जमिनीखालचं तेल प्रांताचं असतं. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान १९०५ साली प्रांत झाले तेव्हा मात्र त्यांना जमीन-खनिजांचा हक्क दिला नव्हता, तो १९३० ला मिळाला. पंचवीस वर्षं धाकट्या भावासारखं वागवलं. चिनूकदादांच्या वेल्डरची तारीख १९८०, पण तिच्याखाली ही जुनी तारीख गाडलेली आहे.

आणि सगळ्यांच्या तारखांच्या खाली अजून एक थर आहे, त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी राहतो ती जमीन सहाव्या तहाची, १८७६ सालची. कॅल्गरी सातव्या तहाची, १८७७. अल्बर्टा जन्मालाच आलं नव्हतं तेव्हा. मूळ रहिवाशांनी तह केला तो राजसत्तेशी. आज अल्बर्टा वेगळं करायची भाषा निघाली की ते विचारतात, आमच्या तहाचं काय, आणि हा प्रश्न टाळता येत नाही. १९९५ लाही हेच झालं. उत्तर क्वेबेकच्या क्री लोकांनी प्रांताच्या मतदानाआधी सहा दिवस स्वतःचं सार्वमत घेतलं. ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्हाला आणि आमच्या भूमीला आमच्या संमतीशिवाय कॅनडातून नेऊ नका.

---

कोवळंऊन (व्हँकुव्हर)

थोडक्यात. आमची तारीख १८७१. दहा वर्षांत रेल्वे आणतो या वचनावर ब्रिटिश कोलंबिया देशात आलं. रेल्वेला उशीर झाला तेव्हा आम्हीच फुटायची धमकी दिली होती. शेवटचा खिळा ठोकला ७ नोव्हेंबर १८८५ ला. याच महिन्यात, नऊ दिवसांनी, फ्रेंच बोलणाऱ्या मेटी लोकांचा नेता लुई रिएल याला रेजायनात फाशी दिलं आणि क्वेबेक पेटलं. ज्या लोहमार्गानं देश जोडला, त्याच मार्गावरून रिएलचा उठाव मोडायला सैनिक नेले होते. मला हे नेहमी एकत्र आठवतं.

अलीकडचं सांगायचं तर २०१८ साली अल्बर्टाचं तेल आमच्या किनाऱ्यावर आणणाऱ्या पाइपलाइनच्या वादावरून अल्बर्टानं आमची वाइन बंद केली होती, दोन आठवडे. आमच्या ओळखीच्या ओकानागनमधल्या द्राक्षबागवाल्याचे खोके गोदामात पडून राहिले. तो कधी पाइपलाइनविरुद्ध चकार शब्द बोलला नव्हता.

---

सह्यकडा (टोरांटो)

वाइनवरून आठवलं. न्यू ब्रन्सविकच्या जेरार्ड कोमो नावाच्या निवृत्त माणसानं २०१२ साली क्वेबेकमधून स्वस्त बिअर आणली, त्याला २९२ डॉलर ५० सेंट दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ ला तो हरला. एका देशात एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात मर्यादेपेक्षा जास्त बिअर नेणं गुन्हा! ट्रम्प यांनी जकात लावली आणि कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य म्हणायला लागले, तेव्हा कुठे २०२५ मध्ये सगळ्यांना या आतल्या भिंती दिसल्या आणि कायदे बदलायला सुरुवात झाली.

२० फेब्रुवारी २०२५ ची रात्र विसरणार नाही. बॉस्टनला अमेरिकेविरुद्ध हॉकीचा अंतिम सामना, जादा वेळेत गेलेला. एरवी एडमंटनचं नाव काढलं की माझा मुलगा नाक मुरडतो. त्या रात्री पास दिला टोरांटोच्या मार्नरनं, गोल केला एडमंटनच्या मॅकडेव्हिडनं, आणि आमच्या इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांतून एकच ओरडा उठला. वरच्या मजल्यावरचे क्वेबेकचे काका खाली येऊन मला मिठी मारून गेले.

---

जाईजुई (मॉन्ट्रियल)

ती रात्र आमच्याकडेही तशीच होती. पण मला त्याची थोडी भीती वाटते. शेजाऱ्यानं दगड मारला की भाऊ एक होतात, हे खरंच. पण म्हणून भावांमधला जमिनीचा दावा मिटत नाही. त्याच वर्षी अल्बर्टात वेगळं व्हायच्या मतदानाची चर्चा जोर धरून उठलीच ना?

---

चिनूक (कॅल्गरी)

जाईजुईताई, तुमचं पहिलं उत्तर चार वेळा वाचलं. तुमच्या गणिताच्या शिक्षिकेला माझ्याकडे उत्तर नाही. तारखा माहीत असणं पुरेसं नाही, हे मी मान्य करतो. पण तरीही तिथून सुरुवात व्हावी असं वाटतं. तुमच्या मिस्टरांच्या शेजारची ती खुर्ची भरायला कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, काय झालं म्हणून.

आज सकाळी पुन्हा रिंकवर तो वेल्डर भेटला. दर्यावर्दींनी लिहिलेली चर्चिल धबधब्याची गोष्ट त्याला सांगायला लागलो, तर त्यानं मला मध्येच थांबवलं. १९६९, २०४१, सगळं त्यालाच पाठ! मी चकित. तर म्हणाला, उत्तर अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरीच्या तेलकामगारांच्या कॅम्पात अकरा वर्षं न्यूफाउंडलंडच्या पोरांबरोबर एका खोलीत काढली. तीन आठवडे काम, मग ती पोरं विमानानं घरी. रात्री तीच बोलणी. १ जुलैला कॅम्पातही एक जण निळं फूल लावायचा. २०१६ च्या वणव्यात सगळं गाव रिकामं करताना याची आई त्यांच्यापैकीच एकाच्या ट्रकमध्ये होती.

मग मी त्याला मॉन्ट्रियलच्या आजींची गोष्ट सांगितली. दुकान, काउंटर, आईचं बोट. त्यानं कॉफीचा कप काचेच्या कठड्यावर ठेवला. बराच वेळ बर्फावरच्या मुलींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोणत्या साली म्हणालास?"

नेमकं साल मलाही माहीत नाही. आजी आता नाहीत, पण त्यांची लेक त्याच घरात राहते. आज रात्री तिला फोन करतोय.